जिन्याखालची लाल रेघ

आमच्या इमारतीचे विजेचे मीटर जिन्याखालच्या खोलीत होते. वाकून आत शिरायचं, डोकं सांभाळायचं, की समोरच्या भिंतीवर सोळा घरांचे सोळा मीटर, एक पंपाचा आणि एक जिन्यातल्या दिव्यांचा. दसऱ्याला त्या खोलीच्या दाराला झेंडूचं तोरण लागायचं आणि मेन स्विचला हळदकुंकू. ते काम तिसऱ्या मजल्यावरच्या वायरमनचं. त्याच्या हातून दुसऱ्या कुणी तोरण घेतलेलं त्याला खपायचं नाही.

वायरमन ही त्याची नोकरी होती, इमारतीत तेच नाव पडलं. गाव मालवणकडे, वडील गिरणीत होते, हा विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. लग्नाला जाताना नव्या शर्टालासुद्धा टेस्टर. इमारतीतला एकही पंखा असा नव्हता की ज्याला त्याचा हात लागला नाही. रविवारी सकाळी कुणी हाक मारली की म्हणायचा, "येतंय रे, आधी माझो चाय होऊ दे," आणि चहा त्या हाक मारणाऱ्याच्याच घरी प्यायचा.

मी पहिल्या मजल्यावर. मीही विजेचाच माणूस, पण सबस्टेशनचा. उपनगरातल्या एका सबस्टेशनमध्ये ऑपरेटर म्हणून लागलो, शेवटी इन्चार्ज होतो. त्यामुळे विजेच्या बाबतीत इमारतीत माझा शब्द शेवटचा मानला जायचा. काम मात्र सगळं तो करायचा. मी हाताची घडी घालून बाजूला उभा राहायचो आणि तो स्टुलावरून म्हणायचा, "सायेब, जरा बॅटरी धरशात काय?"

आमची इमारत विक्रोळी आणि कांजूरमार्गच्या मध्ये, हायवेच्या खाडीकडच्या अंगाला. पलीकडे खारफुटी. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्याचं पाणी खाडीत जायचं सोडून आमच्याकडे येतं. पूर्वी असं पाणी घोट्यापर्यंत यायचं आणि पोरं त्यात होड्या सोडायची. मग एका वर्षी ते आत आलं आणि वाढतच गेलं.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण मेन स्विच बंद करायला मी जिन्याखाली गेलो होतो. स्विच पाडून बाहेर आलो आणि घरात अडकलेल्या तळमजल्याच्या लोकांना एकेक करून वर आणलं. सगळ्यात शेवटी, बाकी सगळे वर गेल्यावर, मी मीटरच्या खोलीच्या दारात उभा होतो तेव्हा पाणी माझ्या शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणाला लागलं होतं. त्याहून वर ते गेलं नाही. वायरमन त्या दिवशी कारखान्यात अडकला होता. दोन दिवसांनी हायवेवरून चालत आला, तोपर्यंत पाणी उतरलं होतं. बायको आणि मुलगी पाण्याने वेढलेल्या इमारतीत असताना आपण नव्हतो, याचं त्याला फार लागलं. कारखान्यातून लाल ऑइलपेंटचा डबा आणून त्याने भिंतीवरच्या चिखलाच्या खुणेवर एक सरळ रेघ मारली. म्हणाला, "हीच्या खाली काय ठेवचा नाय. कळला?"

ती रेघ अगदी बरोबर होती, माझ्या दुसऱ्या बटणाइतकी. नोकरीत आम्हीही तेच करत होतो. त्या पुरानंतर आमच्या सबस्टेशनच्या भिंतीवरही अशी खूण आली, ट्रान्सफॉर्मरचे कट्टे उंच केले, रस्त्यावरच्या विजेच्या पेट्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर चढवल्या. टेपचं एक टोक धरून मी स्वतः उभा असायचो. पाणी कुठवर आलं होतं ते मोजायचं आणि यंत्र त्याच्या वर नेऊन ठेवायचं, यापलीकडे त्यात काही शास्त्र नाही. सगळं त्या एका खुणेवर असतं.

इमारतीत आधी तात्पुरती दुरुस्ती झाली. काही वर्षांनी वायरिंग बदलायचं ठरलं, तेव्हा वायरमनने हिशेब मांडला. जिन्याखालचं छत उतरतं आहे. लाल रेघेच्या वर मीटर बसवायला तिथे जागाच उरत नाही. मग सगळं पॅनेल पहिल्या मजल्यावर न्यायला हवं, आणि तिथे एकच मोकळी भिंत आहे.

ती भिंत माझ्या दारासमोरची होती.

त्या भिंतीशी माझी बायको बसायची. तिचे गुडघे लवकर गेले. खाली उतरणं कमी झालं तेव्हा मी तिथे एक वेताची खुर्ची ठेवली. जाळीतून वारा यायचा, इमारतीत कोण आलं कोण गेलं ते दिसायचं. ती मेथी निवडायची, सुकट साफ करायची, आणि जिना चढणारा प्रत्येक जण तिथे दोन मिनिटं थांबायचा. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाच्या सासूने अबोला धरला, सगळं त्या खुर्चीपाशी कळायचं. वायरमन कामावरून आला की पायरीवर बसून आधी तिच्याशी दोन गोष्टी बोलायचा, मग वर जायचा. "वहिनी, आज काय स्पेशल?" ती म्हणायची, "स्पेशल तुमच्या घरी असतं भावजी, आमच्याकडे पथ्य." ऑफिसातून येताना खालूनच तिचं हसणं ऐकू आलं की मला बरं वाटायचं. तिथे अठरा मीटरचं पॅनेल, त्याचा लोखंडी दरवाजा आणि 'सावधान' लिहिलेली पाटी येणार, ही कल्पनाच मला सहन होईना. मी तिला मात्र विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हेही तेव्हा सुचलं नाही.

त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास इमारतीला रंग लागला. वायरमन दरवर्षीप्रमाणे दहा दिवस गावी गेला. निघताना बॅगा खाली ठेवून मला जिन्याखाली घेऊन गेला. "रेघेवर रंग मारूक देव नको हां. तुझ्यार सोपवून जातंय." मी म्हटलं, "जा तू निर्धास्त."

रंगाऱ्यांनी खोली रंगवली तेव्हा मी घरीच होतो. त्यांना थांबवायला एक मजला उतरायचा होता, मी उतरलो नाही. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भिंतीकडे बघत उभा राहिलो. मग खोलीतच ठेवलेल्या वायरमनच्या डब्यातला लाल रंग घेतला आणि पट्टी धरून नवी रेघ मारली. छातीशी नाही, कमरेशी. जवळजवळ एक हात खाली. त्या रेघेच्या वर मीटर जिन्याखालीच छान मावत होते.

तो गावाहून आला, लाडू देऊन गेला आणि थोड्या वेळाने खालून हाक आली.

"अरे, रेघ खाली दिसता रे."

मी खाली गेलो. उत्तर तयार ठेवलं होतं. "आधीची तू ओलीवरून मारली होतीस. भिंतीत ओल वर चढते. पाणी एवढंच होतं."

"चिखल होतो रे तिथे."

"चिखल ओलीबरोबर चढतो. मी उभा होतो पाण्यात. तू नव्हतास."

हे शेवटचे दोन शब्द मला बोलायची गरज नव्हती. ते ऐकून त्याने रेघेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "तुका खात्री आसा मगे?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"मग झाला. तू सबस्टेशनचो माणूस," म्हणाला आणि बोटाने रेघ चाचपून पाहिली. तरीही मीटर बसवताना त्याने रेघेच्या वर एक वीत जागा सोडली. त्याहून वर छत आडवं येत होतं. हे त्याने मला विचारून केलं नाही, आणि मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पुढची बरीच वर्षं काही झालं नाही. पाऊस बदलत होता ते दिसत होतं. महिन्याचा पाऊस एका दुपारी पडायचा, मग आठ दिवस कडक ऊन. ऑफिसात आम्ही कट्टे आणखी उंच करत होतो. आणि मी रोज संध्याकाळी माझ्या खोट्या रेघेवरून वर जात होतो, बायकोच्या खुर्चीकडे.

मग आठ वर्षांपूर्वी पुन्हा तसाच पाऊस आला, तशीच भरती आली. पाणी कमरेशी थांबलं नाही. ते जिथे थांबायचं तिथेच, म्हणजे खऱ्या रेघेशी येऊन थांबलं. मीटर बुडाले, मेन स्विच जळाला, पंप गेला. पाच दिवस इमारतीत वीज नव्हती. लोकांनी चार मजले बादल्या चढवल्या. फ्रीजमधलं सगळं नासलं. ते सगळं निभावलं असतं. पण चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना घरी मशीनवर ऑक्सिजन लागायचा. मशीन बंद पडलं. जोडीला एक राखीव सिलिंडर होता तो काही तास चालला. मग वायरमन आणि आणखी तिघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं आणि छातीभर पाण्यातून खुर्ची डोक्याच्या पातळीवर धरून हायवेपर्यंत नेलं. बाई म्हणत होत्या, "अरे, माझी पालखी काढलीत का?" त्या वाचल्या. पुढे तीन वर्षं जगल्या. वाचल्या नसत्या तर मी काय केलं असतं, हे मला आजही माहीत नाही.

पाणी उतरल्यावर गच्चीवर सभा झाली. सगळे चिडलेले, थकलेले. कुणीतरी म्हणालं, "रेघेच्या वर फक्त एक वीत? एवढाच अंदाज?" दुसरा म्हणाला, "वायरमनने मीटरला पोहायला शिकवलं." लोक हसले. तोही हसला. मग कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, "काका, तुम्ही सांगा. तुम्ही त्यातले आहात."

मी म्हणालो, "रेघ होती. तिच्या किती वर बसवायचं, ते बसवणाऱ्याने ठरवायचं असतं."

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी मोजत असल्यासारखं.

तेव्हापासून त्याला 'पाणबुडी' म्हणायला लागले. प्रेमानेच म्हणायचे, आमच्याकडे टोपणनावं प्रेमानेच पडतात. पण पुढच्या रविवारी कुणी पंख्यासाठी हाक मारली तेव्हा तो म्हणाला, "भायरचो माणूस बोलवा." त्याच्या खिशातला टेस्टर गेला. मीटर बाहेरच्या ठेकेदाराने घाईघाईत पुन्हा तिथेच बसवले, कारण एवढं पाणी पहिल्यांदाच आलंय, असं सगळ्यांना वाटत होतं. माझी रेघ तसंच सांगत होती. दसऱ्याचं तोरण त्या वर्षी वॉचमनने लावलं.

बायकोने एका संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "अहो, ही एवढी भिंत मोकळी होती, तर मीटर इथे का नाही लावले?" तिच्याशी मी खोटं बोलू शकलो नाही. सगळं सांगितलं. तिने मांडीवरची मेथी परातीत ठेवली. "माझ्या खुर्चीपायी? मी खिडकीशी बसले असते की. मला विचारायचं तरी." मग उठून खुर्ची स्वतः ओढत घरात नेली. त्यानंतर ती बाहेर बसली नाही. "भावजींना सांगून टाका," असं दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा हॉस्पिटलात होती. तिला जाऊन तीन वर्षं झाली. ती भिंत अजून मोकळीच होती.

यंदा नव्या कमिटीने मनावर घेतलं. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आहे, लहानपणी माझ्या बायकोच्या परातीतले शेंगदाणे पळवायची. पॅनेल पहिल्या मजल्यावर न्यायचं, गच्चीवर सोलार बसवायचं, बॅटऱ्या टाकीशेजारच्या खोलीत ठेवायच्या, म्हणजे वीज गेली तरी जिन्यातले दिवे चालतील आणि ज्यांना मशीन लागतं त्यांच्यासाठी एक पॉइंट चालू राहील. ती नकाशा घेऊन माझ्याकडे आली. "काका, उद्घाटन तुम्हीच करायचं. आणि छोटी पाटी करतोय, मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव."

मी नकाशा पाहिला. "पंपाचा बोर्ड खालीच?"

"हो, रेघेच्या वर एक फूट. तेवढं पाणी एकदाच आलं ना, ते तर अपवाद होतं. पहिल्या वेळचं तर कमरेएवढंच होतं, रेघ आहे की."

मी तिला म्हटलं, "मला दोन दिवस दे."

त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर गेलो. वायरमन टीव्हीसमोर बसून कुळीथ निवडत होता. त्याची बायको आतून म्हणाली, "भावजी, बसा, चहा टाकते." मी बसलो आणि चहा यायच्या आत सगळं सांगितलं. रंगारी, लाल डबा, एक हात खाली, ओलीची थाप, गच्चीवरचं बोलणं, खुर्ची. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. कुळीथ निवडणं थांबवलं नाही. एक खडा काढला, बाजूला ठेवला. दुसरा काढला.

"गो," त्याने आत हाक मारली. "ह्याका आज चाय नको."

मी उठायला लागलो. "बस," तो म्हणाला. "माका वाटलाच होता. ओल सोळा इंच खय चढता? पण तू म्हणालंस ना, तू नव्हतंस. मगे मी काय बोलू?" मग म्हणाला, "आठ वर्षां पाणबुडी म्हणतत माका."

"माझं चुकलं."

"चुकला न्हय. चुकला म्हणजे टेप घसरला. ह्या तू केलंस." मग ताट बाजूला ठेवून माझ्याकडे वळला. "आणि माका येकट्याक सांगून काय उपयोग? पाणी माझ्या घरात येवचा नाय, मी तिसऱ्यार रवतंय. तेंका सांग. बोर्ड वर घेवक सांग."

त्याची बायको कप घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्यासमोर कप ठेवला, अर्धाच भरलेला. म्हणाली, "ते नको म्हणाले, म्हणून अर्धा."

गेल्या रविवारी गच्चीवर सभा झाली. मी उभा राहून सांगितलं. कागदावर लिहून नेलं होतं, तो खिशातच राहिला. कुणी ओरडलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या त्या शिक्षिकेचा मुलगा सभेत होता. तो उठून कठड्याशी गेला आणि सभा संपेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. अजून तो माझ्याशी बोललेला नाही, आणि त्याला तो हक्क आहे. सेक्रेटरीने शांतपणे विचारलं, "म्हणजे तेवढं पाणी दोनदा आलंय?" मी हो म्हटलं. तिने नकाशावर पंपाच्या बोर्डावर फुली मारली आणि वरच्या मजल्याकडे बाण काढला. पाटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

सभेनंतर मी खाली उतरत होतो. पहिल्या मजल्यावर वायरमन थांबला होता, हातात लाल रंगाचा डबा, नवा. "चल," म्हणाला.

जिन्याखाली आम्ही दोघं वाकून शिरलो. दोघांनाही आता वाकायला त्रास होतो. आठ वर्षांत त्या भिंतीला माझी रेघ तेवढी सोडून दोनदा चुना लागला होता, पाण्याची खूण कुठेच नव्हती. त्याने मला दारात उभं केलं, त्या दिवशी मी उभा होतो तिथे.

"खय होता पाणी?"

मी दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. त्याने पेन्सिलीने भिंतीवर खूण केली, मग मागे होऊन मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तेव्हा तू उंच होतंस रे. आता आखडलंस." त्याने दोन बोटं मोजली आणि खूण वर सरकवली. "बटणां पण वेगळी असतली." आणखी एक बोट वर घेतली.

"एवढी नको, मग ती खोटी होईल," मी म्हटलं.

"तू गप. डबो धर."

मी डबा धरला. त्याने पट्टी लावून रेघ ओढली. रेघ सरळ आली. कमरेशी असलेल्या माझ्या रेघेवर त्याने रंग फासला नाही. म्हणाला, ती असू दे, लोकांनी विचारलं की सांगायला लागेल. मग जुन्या मेन स्विचकडे बघून त्याने सवयीने शर्टाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

माझ्या घरात एक टेस्टर आहे. तो आणायला मी वर गेलो.